निष्कर्ष आधी, अभ्यास नंतर? राजकीय नेमणुका, तटस्थ प्रशासन आणि माझा परत आलेला प्रस्ताव



पेट पास होऊन गाइड शोधत असलेल्या दोघा-तिघांनी मला हल्ली एकच प्रश्न विचारला. "विषय ठरलाय, वाचनही झालंय, पण प्रस्ताव परत येतोय. नेमकं काय चुकतंय?" त्याचं उत्तर देण्याऐवजी माझाच पहिला प्रस्ताव तुमच्यासमोर ठेवतो. त्याचं शीर्षक होतं, 'राजकीय हस्तक्षेपामुळे प्रशासनाच्या कार्यक्षमतेत होणारी घट : एक अभ्यास'. सरांनी शीर्षक वाचलं, पुढचं पानही उलटलं नाही. म्हणाले, "अरे, घट होते हे तू आधीच ठरवलंयस. मग अभ्यास कशाचा करणार?"

तेव्हा राग आला होता. कारण मला माहीतच होतं की घट होते. माझे वडील कृषी सहायक होते. त्यांच्या बदल्यांमुळे दहावीपर्यंत माझ्या चार शाळा झाल्या. एवढा पुरावा घरात असताना आणखी सिद्ध काय करायचं? पण एमएस्सीला स्टॅटिस्टिक्स शिकलेल्या माणसाने असं बोलू नये. एका घराच्या अनुभवाला आपण तिथे 'एन बरोबर एक' म्हणतो.

तर आज हाच विषय घेऊया. अधिकारी राजकीय मर्जीतला असावा की तटस्थ, यावर वर्तमानपत्रात अग्रलेख खूप येतात. त्या मताचा संशोधनाचा प्रश्न कसा करायचा, आणि जगात ज्यांनी तो केला त्यांनी काय युक्ती वापरली, ते बघू.

आधी शब्द सुटे करा

'राजकीय नियुक्ती' हा एकच शब्द आपण तीन गोष्टींसाठी वापरतो. नोकरीत कोण येणार, आल्यावर कोणत्या खुर्चीवर बसणार, आणि नोकरीतून कोणाला काढता येणार. देशागणिक राजकारणाचा हात यातल्या वेगवेगळ्या जागी पोचतो. हे न सांगता प्रस्ताव लिहिला तर अमेरिकेवरचा पेपर भारताला लावून मोकळे व्हाल. मी तेच केलं होतं.

अमेरिकेत मूळ भांडण पहिल्या गोष्टीचं. १९व्या शतकात तिथे निवडणूक जिंकलेल्या पक्षाने सरकारी नोकऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना वाटणं हा रिवाजच होता. पोस्टमास्तरपासून जकात कारकुनापर्यंत. १८८१ मध्ये चार्ल्स गिटो नावाच्या माणसाने राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली. आपल्या प्रचारामुळे गारफिल्ड निवडून आले, तेव्हा बदल्यात पॅरिसच्या वकिलातीत पद मिळायला हवं, असं त्याच्या डोक्यात होतं. गारफिल्ड सप्टेंबरमध्ये वारले. त्यांच्या जागी आलेले चेस्टर आर्थर स्वतः न्यूयॉर्कच्या जकात कार्यालयातल्या वशिल्याच्या राजकारणातून वर आलेले! पण जानेवारी १८८३ मध्ये परीक्षेने भरती करण्याचा पेंडल्टन कायदा याच आर्थर यांच्या सहीने झाला. सुरुवातीला तो केंद्र सरकारच्या साधारण १० टक्के नोकऱ्यांनाच लागू होता, पुढे व्याप्ती वाढत गेली. तरी आजही तिथे नवा राष्ट्राध्यक्ष आला की सुमारे ४,००० पदांवर आपली माणसं नेमतो.

ब्रिटनने रस्ता वेगळा धरला. १८५४ च्या नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवालानंतर हळूहळू परीक्षेची भरती आली आणि मंत्री बदलला तरी सचिव तोच, ही पद्धत बसली. त्याच सुमाराला ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांच्या शिफारशीने होणाऱ्या नेमणुका बंद होऊन १८५५ पासून भारतातल्या सनदी नोकऱ्यांसाठी लंडनला स्पर्धा परीक्षा सुरू झाली. आज पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत जे काही चाललंय त्याचं मूळ तिथे आहे.

आपल्याकडे मग भरतीत राजकारण कमी. आयोग आहे, परीक्षा आहे. काढून टाकणंही सोपं नाही, कारण राज्यघटनेचं कलम ३११ आहे. चौकशी केल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही, हुद्दा उतरवता येत नाही. सरदार पटेलांनी ऑक्टोबर १९४९ मध्ये संविधान सभेत सेवांच्या संरक्षणाची बाजू मांडली, तेव्हा त्यांचा मुद्दा साधा होता. सचिवाला मंत्र्याच्या मताविरुद्ध टिपण लिहिता आलं पाहिजे. तटस्थता म्हणजे मत नसणं, हा समज त्यामुळे आधी डोक्यातून काढा. मत असणं, ते फायलीवर लिहिणं, आणि निर्णय विरुद्ध गेला तरी तो नीट राबवणं, हे तिन्ही त्यात येतं.

पण कलम ३११ पुन्हा वाचा. त्यात बदली हा शब्द नाही. म्हणजे आपल्याकडे राजकारणाचा हात दुसऱ्या गोष्टीवर, खुर्चीवर आहे. नोकरी सुरक्षित, खुर्ची नाही. हे कळल्यावर माझ्या प्रस्तावातला 'राजकीय हस्तक्षेप' हा गोळाबेरीज शब्द गेला आणि 'मुदतपूर्व बदली' हा मोजता येणारा शब्द आला. ज्यांचा प्रस्ताव परत आलाय त्यांनी एवढं एकच काम आज रात्री करून बघा. शीर्षकातला प्रत्येक शब्द मोजता येतो का?

सरळ तुलना का चालत नाही

समजा तुम्ही ठरवलं, की ज्या जिल्ह्यांत बदल्या जास्त तिथे कामं कमी होतात का ते बघू. आकडे घेतले, आलेख काढला, रेषा खाली उतरली. झालं?

नाही. कारण जिथे आधीच गोंधळ आहे, दुष्काळ आहे, दंगल झालीय, आमदारांची भांडणं आहेत, तिथेच बदल्या जास्त होतात. काम बिघडलं म्हणून बदली झाली, की बदली झाली म्हणून काम बिघडलं, हे आलेख सांगत नाही. विज्ञानाच्या मुलांना कंट्रोल ग्रुप माहीत असतो. प्रयोगशाळेत आपण नाणं उडवून अर्ध्या नमुन्यांना औषध देतो. पण नाणं उडवून कलेक्टर कोण बदलणार?

इथे नैसर्गिक प्रयोग नावाची गोष्ट कामाला येते. जगात कुठेतरी नाणं आपोआप उडलेलं असतं, आपण फक्त ते हुडकायचं.

ब्राझीलमधलं नाणं

मित्रा अख्तरी, दियाना मोरेरा आणि लॉरा त्रुको या तिघींचा पेपर २०२२ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये आला. मला विचाराल तर रिसर्च मेथडॉलॉजीच्या कोर्सवर्कमध्ये पहिल्या आठवड्यात हाच द्यावा.

ब्राझीलमध्ये साडेपाच हजारांहून जास्त नगरपालिका आहेत. महापौर थेट निवडून येतो आणि तो आपल्यासारखा शोभेचा नसतो. पालिकेच्या शाळा, दवाखाने, तिथल्या नेमणुका, सगळं त्याच्या हातात. बऱ्याच ठिकाणी मुख्याध्यापकही तोच नेमतो. तर आता अशी दोन गावं डोळ्यांसमोर आणा. एका गावात सत्ताधारी पक्षाला ५०.३ टक्के मतं पडली, तो टिकला. दुसऱ्यात ४९.७ टक्के, तो गेला. (आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत.) या दोन गावांत लोक, गरिबी, शाळा यांत मोठा फरक असण्याचं काही कारण आहे का? त्या दिवशी पाऊस पडला असेल, एका वस्तीतल्या चार गाड्या उशिरा पोचल्या असतील. इतक्या बारीक फरकाने लागलेला निकाल जवळजवळ नाणेफेकीसारखा असतो. मग पुढच्या वर्षी या दोन गावांत जो फरक दिसेल तो सत्ता बदलल्यामुळेच, असं म्हणायला बऱ्यापैकी आधार मिळतो. या पद्धतीला रिग्रेशन डिस्कन्टिन्युइटी म्हणतात. नाव अवघड आहे. कल्पना एवढीच, की सीमारेषेच्या अगदी अलीकडचे आणि अगदी पलीकडचे एकमेकांशी ताडायचे. एमपीएससीत कटऑफला एका मार्काने राहिलेला आणि एका मार्काने लागलेला, यांच्या हुशारीत किती फरक असतो? तसंच.

त्यांना काय दिसलं? पक्ष बदललेल्या गावांत पालिकेच्या नोकरांची मोठी उलथापालथ झाली. वरच्या पदांवरच नाही, खालीही. शाळांत मुख्याध्यापक आणि शिक्षक बदलले. आणि त्या शाळांतल्या मुलांचे परीक्षेतले गुण ०.०५ ते ०.०८ प्रमाण विचलनाने कमी आले.

हा आकडा बघून हसू नका. बरोबर मध्यावर, म्हणजे ५०व्या पर्सेंटाइलला असलेलं मूल साधारण ४७ किंवा ४८व्या पर्सेंटाइलला गेलं, असा त्याचा अर्थ. एका मुलाला हे जाणवणारही नाही. पण ही सरासरी आहे, गावातल्या पालिकेच्या सगळ्या शाळांची. शिवाय त्या मुलांनी कोणाला मत दिलेलं नव्हतं.

मला या पेपरमधला सगळ्यात आवडलेला भाग त्यानंतर येतो. त्याच गावांत पालिकेच्या अखत्यारीबाहेरच्या शाळाही असतात. तिथल्या नेमणुकांत महापौराला हात घालता येत नाही. त्या शाळांत गुण घसरले का? नाही. निवडणुकीच्या धामधुमीने किंवा गावातल्या तणावाने मुलांचा अभ्यास बुडाला असता, तर या शाळांतही तो बुडायला हवा होता. म्हणजे कंट्रोल ग्रुप त्याच गावात, दोन गल्ल्या सोडून बसला होता. तुमच्या विषयात असा शेजारी कोण आहे, हे शोधण्यात एक महिना गेला तरी तो वाया गेला असं समजू नका.

मी हा पेपर घेऊन उड्या मारत सरांकडे गेलो. बघा, सिद्ध झालं! सर म्हणाले, "काय सिद्ध झालं, एका वाक्यात लिहून आण."

ते वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. कारण नीट बघितलं तर राजकीय नेमणुका वाईट असतात, असं या पेपरने सिद्ध केलेलंच नाही. सत्ता बदलल्यावर होणारी उलथापालथ महाग पडते, एवढंच त्यात आहे. गेलेला मुख्याध्यापक आणि आलेला मुख्याध्यापक, दोघंही कोणाच्या तरी मर्जीतलेच असू शकतात.

आता उलटा युक्तिवाद ऐका. गिलेर्मो तोराल यांनीही ब्राझीलच्याच पालिकांवर काम केलं आणि त्यांचा पेपर मर्जीतल्या नेमणुकांचे फायदे सांगतो. शीर्षक वाचून मी तो दोन महिने उघडलाच नव्हता, हे कबूल करतो. त्यांचं म्हणणं असं : महापौराने नेमलेल्या मुख्याध्यापकाचा वर संपर्क असतो. छप्पर गळतंय म्हटलं की फोन उचलला जातो. महापौरही त्याला जाब विचारू शकतो, विश्वास असतो, शिक्षेचा धाकही असतो. हे नातं काही परिस्थितींत लोकांच्या कामालाही येतं. मग सत्ता गेल्यावर शाळेचं नुकसान होतं ते नातं तुटल्यामुळे. म्हणजे गुणांची तीच घसरण, आणि अर्थ जवळजवळ उलटा!

मला स्वतःला हा युक्तिवाद अर्धा पटतो. गळकं छप्पर दुरुस्त व्हायला ओळख लागणं, हाच मुळात रोग आहे असं मला वाटतं. पण 'मला वाटतं' हे प्रस्तावात लिहायचं नसतं. तिथे लिहायचं असतं की या दोन स्पष्टीकरणांपैकी कोणतं बरोबर, हे ठरवायला कोणती माहिती लागेल.

तशी माहिती एका वेगळ्याच ठिकाणी सापडली. ग्वो शू यांनी ब्रिटिश वसाहतींच्या गव्हर्नरांच्या नोंदी डिजिटल केल्या, १८५४ ते १९६६ या काळातल्या. लंडनमधल्या वरिष्ठाशी ज्याचं नातं, तीच शाळा, तेच खानदान, त्याला जास्त पगाराची वसाहत मिळण्याची शक्यता जास्त होती. तिथे गेल्यावर असे गव्हर्नर करात सवलती जास्त देत आणि महसूल कमी गोळा करत. १९३०च्या सुमाराला वशिल्याच्या नेमणुकांची पद्धत बंद झाली आणि हा फरक नाहीसा झाला. इथे नियमच बदललाय, त्यामुळे उलथापालथीचा आणि वशिल्याचा परिणाम वेगळा काढणं जास्त शक्य होतं. (भारत या अभ्यासात नाही, कारण आपला कारभार वसाहत खात्याकडे नव्हता, वेगळ्या इंडिया ऑफिसकडे होता. कोणी विचारलं तर सांगता यावं म्हणून लिहिलं.) महसूल जास्त गोळा करणारा गव्हर्नर तिथल्या प्रजेसाठी चांगला का, हा प्रश्न मात्र पेपर वाचताना माझ्या मनातून गेला नाही. कार्यक्षमता कोणाच्या बाजूने मोजायची, हेही संशोधकच ठरवतो.

आता घराकडे

भारतावर लक्ष्मी अय्यर आणि अनंदी मणी यांचा २०१२ चा पेपर आहे, 'ट्रॅव्हलिंग एजंट्स'. आयएएस अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी घेऊन त्यांनी दाखवलं की एका पदावरचा सरासरी कार्यकाळ जेमतेम १६ महिन्यांचा होता, आणि राज्यात नवा मुख्यमंत्री आला की बदल्यांचं प्रमाण वाढतं. दुसरा धागा त्याहून महत्त्वाचा आहे. अधिकाऱ्याला पुढे जायला दोन वाटा असतात, कौशल्य कमवायचं किंवा निष्ठा. दोन्ही चालत असतील तर नव्या अधिकाऱ्याने मेहनत कुठे घालायची, याचं गणितच बदलतं.

न्यायालयानेही यात हात घातला. ऑक्टोबर २०१३ मध्ये टी. एस. आर. सुब्रमण्यन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सनदी अधिकाऱ्यांना किमान कार्यकाळ द्या, बदल्यांसाठी मंडळ नेमा, आणि तोंडी आदेशावर काम करू नका, लेखी नोंद ठेवा.

महाराष्ट्रात तर कायदाच आहे. अण्णा हजारे यांच्या आंदोलनांच्या रेट्यानंतर २००५ चा बदल्यांचा कायदा आला. सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षं, बदल्या एप्रिल-मेमध्ये, आणि मध्येच बदली करायची तर लेखी कारण आणि वरच्या प्राधिकाऱ्याची मान्यता. संशोधकाला यात सोनं दिसतं. एक ठराविक तारीख आहे, एक ठराविक मुदत आहे, अपवादाला कारण लिहावं लागतं. म्हणजे सीमारेषा तयारच.

इथे मी पुन्हा एकदा घाई केली. तीन वर्षांच्या आत झालेली प्रत्येक बदली 'हस्तक्षेप' धरली. तसं नसतं. कोणाची बायको दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला असते, कोणाचे आईवडील आजारी असतात, कोणाला बढती मिळते. म्हणून मी आदेशांतला रकाना वापरायचं ठरवलं : 'प्रशासकीय' बदली आणि 'विनंती' बदली. विनंती वगळायची, प्रशासकीय ठेवायची. स्वच्छ, सोपं. सरांनाही पटलं.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा बाबांच्या जुन्या फायलीतून सहज त्यांचे आदेश काढले. मी आठवीत असतानाची ती बदली, जिच्यामुळे मला मार्चमध्ये शाळा सोडावी लागली होती. पीक नुकसानीच्या पंचनाम्यात काही नावं घालायला त्यांनी नकार दिला होता, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. आदेशात काय लिहिलं असेल? 'विनंतीवरून'.

"तुम्ही विनंती केली होती?" मी विचारलं.

"अर्ज लिहून द्या म्हणाले. नाहीतर चौकशी लावतो म्हणाले. दिला लिहून." ते टीव्ही बघत होते, मान वळवली नाही. मग म्हणाले, "विनंतीची बदली म्हणून सामान न्यायच्या टेम्पोचे पैसेसुद्धा नाही मिळाले."

माझ्या वर्गीकरणात ही बदली गाळली गेली असती. आणि अशी चूक जर इकडे-तिकडे सारखी पसरलेली असती तर स्टॅटिस्टिक्सवाले आम्ही खांदे उडवून पुढे गेलो असतो. पण दबाव जिथे जास्त, तिथेच 'विनंती' जास्त लिहून घेतली जात असेल तर? मग माझ्या आकड्यांत सगळ्यात जास्त दबावाचे तालुके सगळ्यात स्वच्छ दिसतील. मापनातली चूक आणि आपण जे मोजतोय तेच, यांचा एकमेकांशी संबंध असला की नमुना कितीही मोठा घ्या, उत्तर चुकीचंच येतं.

सध्या मी एक गोष्ट करून बघतोय. विनंती बदलीत माणूस कुठून कुठे गेला, हे नकाशावर टाकायचं. खरी विनंती करणारा सहसा घराच्या, जोडीदाराच्या किंवा शहराच्या दिशेने जातो. जो या तिन्हींपासून लांब गेला आणि वर्षाच्या मध्येच गेला, त्याची विनंती वेगळ्या रकान्यात टाकायची. हीही पद्धत पक्की नाही. जोडीदाराचं गाव आदेशात नसतं, ते मुलाखतीतून विचारावं लागतं, आणि लोक फोनवर सांगत नाहीत, प्रत्यक्ष जावं लागतं. कोणाला यापेक्षा बरी युक्ती सुचली तर जरूर कळवा. नव्या प्रस्तावाचं शीर्षक 'मुदतपूर्व बदल्यांच्या नोंदींतील "विनंती" या वर्गाची विश्वसनीयता' असं आहे. सरांनी या वेळी पान उलटलं. दुसऱ्या पानावर पेन्सिलने एक प्रश्न लिहिलाय : वडिलांची केस नमुन्यात घेणार की नाही?

घेणार नाहीये. पण प्रस्तावनेत ती सांगायची की नाही, ते अजून ठरत नाही.